जाळ्याची डावी बाजू

अम्म मुतवल्लींना लिहिता-वाचता येत नाही. गेल्या चार वर्षांपासून त्यांना दहा पावलांपलीकडचा माणूसही ओळखू येत नाही. तरी आमच्या कोम शब्बार गावात फुटबॉल त्यांच्याइतका कोणी पाहिलेला नाही, असं मी आता म्हणते. या वसंतापर्यंत मी त्यांना बाकीच्यांसारखीच ओळखत होते: तळ्याकाठच्या खोपट्यात बसून मासेमारीची जाळी दुरुस्त करणारा, कमी बोलणारा, क्लबच्या दोन्ही गोलांची जाळी फुकट विणून देणारा म्हातारा. सगळं गाव त्यांना अम्म, म्हणजे काका म्हणतं.

आमचा क्लब सय्यादीन, कोळ्यांचा क्लब. तिसऱ्या दर्जाच्या लीगमध्ये आमचं नाव शोधायचं तर यादी खालून वाचायला घ्यायची. चाळीस वर्षांपूर्वी क्लबने शहरातून कारखान्याची जाळी आणली होती. तळ्यावरच्या खाऱ्या वाऱ्याने दोन हिवाळ्यांत ती खाल्ली. तेव्हा मुतवल्लींनी अकरा दिवस बसून नायलॉनच्या दोऱ्याची जाळी हाताने विणली. तेव्हापासून दर हंगामाला ते नवी जाळी विणतात, आणि प्रत्येक शुक्रवारी सामना संपला की स्वतः दोन्ही जाळी सोडवतात, सायकलवर लादतात आणि घरी नेतात. मैदानावर ठेवली तर शनिवारी ती कोणाच्या तरी कोंबड्यांच्या खुराड्याला दिसतील.

त्यांची आणखी एक सवय होती. मध्यंतराला खेळाडू संत्री चोखत बसायचे, लोक चहाला उठायचे, आणि मुतवल्ली दोन्ही गोलांना मागून एक-एक फेरी मारायचे. जाळ्यावरून हात फिरवत, म्हशीच्या पाठीवरून फिरवावा तसा. "अम्म, दूध उतरलं का?" असं पोरं ओरडायची. ते हसायचे. खुंट्या तपासत असतील, असं आम्हाला वाटायचं.

सब्रीचा कहवाखाना माझ्या बाल्कनीच्या बरोबर खाली आहे. मी मुलींच्या शाळेत भूगोल शिकवते. गुरुवारी दुपारी वह्या घेऊन बाल्कनीत बसते आणि दोरीला बांधलेली टोपली खाली सोडून पाव, पुदिना, साखर मागवते. टोपलीबरोबर खालची बोलणीही वर येतात. गुरुवारी तिथे संघ निवडला जातो. डॉमिनोच्या अकरा सोंगट्या टेबलावर मांडतात. सहा-सहा म्हणजे मधला बचावपटू, कारण तो तसाच आडवातिडवा आहे. पाच-एक हा उजवीकडून पळणारा. दोन्हीकडे कोरी सोंगटी म्हणजे गोलकीपर. आमचे प्रशिक्षक कॅप्टन जलाल मुलांच्या शाळेत व्यायाम शिकवतात. ते कोपऱ्यात चहा पितात, टेबलाकडे ढुंकूनही बघत नाहीत, आणि शुक्रवारी मैदानात बहुतेक तीच मांडणी उतरते.

एखादी सोंगटी पालथी घातली, की त्या खेळाडूचं नाव गेलं. ती परत उलटायची असेल, तर पुढच्या गुरुवारपर्यंत कोणीतरी कारण घेऊन यायचं आणि सगळ्यांसमोर सांगायचं. नुसती शिफारस चालत नाही. हा नियम कोणी केला ते ठाऊक नाही, पण क्लबचे कागद हरवले तरी तो हरवणार नाही.

दोन हंगाम कोरी सोंगटी माझा मुलगा होता. हाझिम.

मार्चच्या शेवटी एक शुक्रवार सामन्याविना आला. त्याच्या आदल्या दुपारी खाली आवाज चढला. शेवटचा सामना पुढच्या शुक्रवारी होता, दैर सालिमशी, आमच्याच मैदानावर. बरोबरी केली तरी टिकणार होतो. हरलो तर खालच्या दर्जात.

"तीन सामन्यांत आठ गोल!" हा हाज बय्यूमी. तो बोटींना बर्फ विकतो आणि प्रत्येकाशी तो दूरच्या बोटीवर उभा असल्यासारखा बोलतो.

"सात," डॉक्टर नसीम म्हणाले. त्यांचं औषधाचं दुकान आहे, म्हणून गावात ते डॉक्टर. "एक ऑफसाइड होता."

"ते पंचाच्या बायकोला जाऊन सांग. फळ्यावर आठ लिहिलेत."

"आणि आपण किती मारले, हाज? ते बोल."

"मारण्याचं नाव काढू नकोस! आपले फॉरवर्ड ज्या गोलावर चालून जातात, ते जाळं अम्म घरी नेतात तेव्हा त्याची इस्त्रीसुद्धा मोडलेली नसते."

हसण्याचा लोट वर आला. मी वही मिटली.

"बचावाला भगदाड आहे. एकटा गोलकीपर काय करील?"

"भगदाड त्याच्या डाव्या हाताखाली आहे, डॉक्टर! आठातले सहा डावीकडून गेले. पोरगा डावीकडे झेपच घेत नाही. भितो. वल्लाही, माझ्या आईने त्यातले दोन अडवले असते, आणि तिला जाऊन वीस वर्षं झाली."

"मग कोणाला उभं करू? तोल्बाला? छत्तिशी उलटली त्याची. भट्टीवर विकतो त्यापेक्षा जास्त पाव खातो."

"रुंद तर आहे! नुसता उभा राहिला तरी अर्धा गोल बंद."

"पोट अडवील, पण पोट परत आणायला माणसं लागतील."

मग टक् असा आवाज आला. मी वाकून पाहिलं. कोरी सोंगटी पालथी पडली होती. कॅप्टन जलाल चहाच्या ग्लासात बघत होते. आणि त्याच टेबलाजवळ, पायरीवर, अम्म मुतवल्ली मांडीवर कोणाचं तरी मासेमारीचं जाळं घेऊन टाके घालत बसले होते. एक शब्द बोलले नाहीत. मला त्यांचाच राग सर्वांत जास्त आला.

शनिवारी शाळा सुटल्यावर मी त्यांच्या खोपट्यावर गेले.

"चाळीस वर्षं गोलामागे बसता, अम्म," मी दारातूनच म्हणाले. "पोराला भित्रा म्हणतात आणि तुम्ही टाके घालता? तुमचा एक शब्द पुरला असता."

"ये, उम्म हाझिम. तिथे ओलं आहे, इकडे बस." उम्म हाझिम म्हणजे हाझिमची आई; गावात मला हेच नाव आहे. त्यांनी माझ्याकडे एक उलटी टोपली सरकवली. "शाळेत काय शिकवतेस तू?"

"भूगोल."

"मग हा नकाशा बघ."

त्यांनी गोलाचं जाळं गुडघ्यांवर ओढून घेतलं आणि खांबाजवळचा भाग माझ्यापुढे धरला. "इथं बोट लाव. बाहेरून. काय लागतं?"

"दोरा."

"दोरा तर सब्रीच्या बकरीलाही लागेल. नीट लाव."

मी पुन्हा बोट फिरवलं. दोरा थोडा केसाळ होता, जुन्या लोकरीसारखा.

"आतून बसलेला चेंडू गाठ बाहेर ओढतो," ते म्हणाले. "तो गोल. ते सगळ्यांना दिसतं, त्याचा हिशेब बय्यूमी ठेवतो. बाहेरून लागलेले दोन जातीचे असतात. नेम चुकलेला चेंडू चापट मारतो, एका जागी, वर. पण गोलकीपरच्या बोटांवरून वळलेला चेंडू फिरत येतो, दमलेला असतो. तो मांजरासारखा अंग घासून जातो. त्याने दोरा केसाळ होतो. हे मांजराचं अंग आहे."

त्यांची बोटं दोऱ्यावरून चालू लागली. डोळे दाराबाहेर तळ्याकडे होते, जिथे त्यांना उजेडाखेरीज काही दिसत नसणार. "हा पाऊस होता त्या सामन्याचा. दोरा ओला असताना घासलाय, म्हणून चिकटलाय. हा पेनल्टीचा. हे दोन एकाच हल्ल्यातले, एकामागे एक. तेव्हा तू किंचाळली होतीस, मी ऐकलं. हा रमझानआधीचा."

"पण दुसऱ्या संघाचा गोलकीपरही याच जाळ्यात अर्धा वेळ उभा असतो. कोणाचं कोणतं, हे कसं कळतं?"

"मध्यंतराला मी फेरी कशाला मारतो?" ते म्हणाले. "पहिल्या अर्ध्याचं तेव्हाच वाचून घेतो. नंतर जे उरतं ते दुसऱ्या अर्ध्याचं."

मी त्या माणसाकडे बघत राहिले. चाळीस वर्षं आम्ही पोरांबरोबर हसत होतो, म्हशीचं दूध उतरलं का विचारत होतो. आणि हा माणूस मध्यंतराला पान उलटत होता.

"या हंगामात हाझिमच्या डाव्या हाताचे एक्केचाळीस आहेत," ते म्हणाले. "दोन्ही जाळी मिळून. माझ्या हाताखालून सतरा गोलकीपर गेले. एकाही हंगामात एवढे कोणाचे नव्हते."

चेंडू खांबाबाहेर गेला की सगळे हळहळतात किंवा सुटकेचा श्वास टाकतात आणि कोपऱ्याकडे बघू लागतात. मीही तशीच बघत होते. मी त्याची आई असून मला एक्केचाळीस आठवले नसते. मला आठ आठवत होते.

"मग हे गुरुवारी येऊन सांगा," मी म्हणाले. "याहून मोठं कारण काय असतं?"

"सांगेन. पण आधी हे." त्यांनी जाळं फिरवलं. "खांबालगतची ही एवढी पट्टी झिजली होती म्हणून मी दोन्ही जाळ्यांना नवी घातली, तीन सामन्यांपूर्वी. बोट फिरव."

मी फिरवलं.

"कशी आहे?"

"गुळगुळीत."

"डावी बाजू मुकी झाली," अम्म मुतवल्ली म्हणाले. "दर सामन्याला तीन-चार असायचे. एका शुक्रवारपासून एकही नाही. भिणारा माणूस हळूहळू भितो, उम्म हाझिम. आज थोडा, उद्या जास्त. हे एकदम तुटलंय. घरी डाव्या हातानं काय करतो तो?"

मी बोट पट्टीवरून उचललं.

हाझिम डावखुरा आहे. लहानपणापासून मी त्याच्या डाव्या हातावर लाकडी डाव मारत आले. उजव्या हातानं खा, उजव्या हातानं दे, पाहुण्यांना चहा उजव्या हातानं ओत. माझ्या सासूबाई तर तो डाव्या हातानं ग्लास धरताना दिसला की तोंड फिरवायच्या. बावीस वर्षं त्याने ऐकलं नाही. आणि तीन आठवड्यांपूर्वी, एका संध्याकाळी, त्याने माझ्या भावाला उजव्या हातानं चहा ओतून दिला. मग पाव तोडला तोही उजव्यानं. मला एवढा आनंद झाला की मी त्याच्या वडिलांना सुएझला फोन करून सांगितलं: तुमच्या मुलाला शेवटी वळण लागलं! तो हातमोजेही आपले आपण धुऊ लागला होता. तेही मी वळणातच धरलं.

त्याचं ताट, त्याचे कपडे, त्याची झोप, सगळं माझ्या नजरेखाली. आणि जे मला माझ्या स्वयंपाकघरात कळलं नाही, ते या माणसाला न घासलेल्या दोऱ्यावरून कळलं होतं.

घरी गेले तेव्हा हाझिम मोबाइलच्या दुकानातून नुकताच आला होता. मी टोपलीतून एक लिंबू उचललं आणि त्याच्या डाव्या बाजूला फेकलं. जो पोरगा पाठमोरा असताना माशी पकडायचा, त्याच्या पायाशी लिंबू पडलं आणि कपाटाखाली गेलं.

तो लिंबाकडे बघत राहिला. मग माझ्याकडे.

"कोणी सांगितलं, यम्मा?"

"दाखव."

त्याने बाही वर केली. शेवटची दोन बोटं एकत्र चिकटपट्टीने बांधलेली, निळी-पिवळी, करंगळी वाकडी. कोणाचा तरी बूट पडला होता, चार शुक्रवारांपूर्वी, अगदी शेवटच्या मिनिटाला.

"चल डॉक्टर नसीमकडे. आत्ता."

"नाही." तो शांतपणे म्हणाला, आणि त्यामुळे मी जास्त घाबरले. "मला भित्रा म्हणून झालंय. आता हात दाखवला, तर म्हणतील, सोंगटी पालथी पडल्यावर हात आठवला का? तोल्बा उभा राहून हरलो तर हाझिम पळाला. जिंकलो तर हाझिमच पनवती होता. शुक्रवारी मी उभा राहणार. मग तू म्हणशील तिथे येतो."

"आणि कॅप्टनने घेतलंच नाही तर?"

"मग मी तसाच गेलो. भित्रा म्हणून."

"आणि घेतलं, आणि हात कायमचा गेला तर?"

त्याने बाही खाली ओढली. मग म्हणाला, "शपथ घे, तू कोणाला सांगणार नाहीस."

मी शपथ घेतली. मी जगातली सर्वांत मूर्ख आई आहे, हे मला घेतानाच कळत होतं. चार दिवस मी त्याचा हात बघत होते आणि त्याचं तोंड बघत होते, आणि दोन्हींपैकी काय वाचवायचं ते ठरवता येत नव्हतं. सोंगटी उलटावी म्हणून प्रार्थना करायची की पालथीच राहावी म्हणून, हेही कळत नव्हतं.

बुधवारी मी टोपली सोडली तेव्हा खाली अम्म मुतवल्ली उभे होते. वर बघून त्यांना काही दिसणार नव्हतं. ते कान लावून होते. मी फक्त एवढंच म्हणाले, "तुमच्या दोऱ्याचं खरं होतं, अम्म."

त्यांनी मान हलवली. "उद्या दुपारी त्याला घरी ठेव. बाल्कनीत."

गुरुवारी मी हाझिमला पुदिना निवडायला बसवलं. तो एका हातानं निवडत होता. खाली टेबलावर अकरा सोंगट्या लागल्या होत्या, दहा उघड्या, एक पालथी. हाज बय्यूमी पंचांना, हवामानाला आणि क्लबच्या अध्यक्षांना क्रमाने शिव्या देत होता. तेवढ्यात अम्म मुतवल्ली आले. खांद्यावर दोन्ही गोलांची जाळी. त्यांनी ती टेबलावर टाकली, ग्लासांवर, सोंगट्यांवर, बय्यूमीच्या मांडीवर.

"अरे, चहा! अम्म, मी मासा वाटलो का तुम्हाला?"

"मासा गप्प असतो," अम्म म्हणाले. "मी कारण आणलंय."

चाळीस वर्षांत त्यांनी कारण आणलं नव्हतं.

त्यांनी प्रत्येकाचं बोट दोऱ्यावर ठेवलं. गाठ, चापट, मांजर, सगळं सांगितलं. डॉक्टर नसीमनी चष्मा कपाळावर चढवला आणि डोळे मिटून बोट फिरवलं. "हा खरंच वेगळा लागतो," ते हळूच म्हणाले.

"नाचता येईना, अंगण वाकडं," बय्यूमी म्हणाला. "गोल अडवता येईना, तर आता दोऱ्याची साक्ष!"

"हाज, हा दोरा ओळख," अम्म म्हणाले. "शतावाच्या संघाशी सामना. तू खायच्या बिया विकत घ्यायला उठला होतास. परत आलास आणि विचारलंस, काही झालं का? मी म्हणालो, काही नाही. काही झालं नाही, कारण त्या पोराने हे केलं होतं. आणि हा. तेव्हा तू पंचाशी भांडत होतास. आणि हा. तेव्हा तू खाली बघून खिशात काडेपेटी शोधत होतास, मला तिचा आवाज येत होता. एक्केचाळीस आहेत. तुला जे दिसले ते आठ."

बय्यूमीने बोट उचललं नाही. त्याचा आवाज पहिल्यांदा जवळच्या माणसाशी बोलल्यासारखा झाला. "एक्केचाळीस?"

"मोज. मला घाई नाही."

आणि ते खरंच मोजू लागले. सहा-सात मोठे पुरुष, डोळे मिटून, अम्म दाखवतील त्या त्या दोऱ्यावरून बोटं फिरवत, आकडे म्हणत. समोरच्या दुकानातले लोकही येऊन उभे राहिले. कोणी हसत नव्हतं. कॅप्टन जलाल कोपऱ्यातून उठून टेबलाशी आले. उघडपणे टेबलाकडे बघताना मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. त्यांनी जाळ्याखाली हात घातला आणि कोरी सोंगटी उलटून उघडी ठेवली.

मुक्या पट्टीबद्दल अम्म एक अक्षर बोलले नव्हते. ते पायरीवर जाऊन बसले, तोंड आमच्या बाल्कनीकडे.

मी वळले तेव्हा पुदिना खाली पडला होता आणि हाझिम जिना उतरत होता.

तो टेबलापाशी गेला. लोकांनी वाट दिली, कोणी पाठीवर थाप मारली. त्याने बाही वर केली आणि सोंगटी उचलायला डावा हात पुढे केला. बोटं मिटली नाहीत. सोंगटी फरशीवर पडली, आणि तो आवाज मला वरपर्यंत आला. मग त्याने वाकून ती उजव्या हातानं उचलली आणि पावांची टोपली घेऊन दारात उभ्या असलेल्या तोल्बासमोर धरली.

"मी?" तोल्बा म्हणाला. "मला पहाटे भट्टी आहे."

"उद्या भट्टीला सुट्टी," हाज बय्यूमी म्हणाला. तो हाझिमच्या हाताकडे बघत होता. "किती दिवस झाले, पोरा?"

"चार शुक्रवार."

"आणि तसाच उभा राहिलास." त्याने डोक्यावरची टोपी काढली, पुन्हा घातली. "डॉक्टर, बसलायस काय? बांध त्याला."

शुक्रवारी बरोबरी झाली, एकास एक. तोल्बाने एक चेंडू पोटाने अडवला, एक पाठीने, आणि एक कशाने ते त्यालाही सांगता आलं नाही. हाझिम प्लास्टरमध्ये गोलामागे अम्मशेजारी बसून त्याला डावीकडे, उजवीकडे ओरडत होता. आम्ही टिकलो. यादी अजूनही खालूनच वाचावी लागते.

उन्हाळ्यात प्लास्टर निघालं. करंगळी थोडी वाकडीच राहिली. एका संध्याकाळी पाहुण्यांसमोर त्याने किटली डाव्या हातानं उचलली, आणि निम्मा चहा ताटलीत सांडला. माझ्या भावाने माझ्याकडे पाहिलं. मी साखर पुढे केली.

नव्या हंगामाचा पहिला सामना झाला, गोलात पुन्हा हाझिम, तेव्हा मी मध्यंतराला चहाला उठले नाही. अम्म मुतवल्ली गोलामागून चालत होते, हात जाळ्यावर. डाव्या खांबाशी ते थांबले, परत मागे आले, पुन्हा थांबले. पण त्यांनी कुणाकडे पाहिलं नाही आणि जाऊन बसले. त्यांचा चेहरा वाचायला मला येत नाही.

दुसऱ्या दिवशी टोपली वर ओढली तेव्हा पावांवर वीतभर दोरा ठेवलेला होता, जाळ्यातून कापून काढलेला. मी दार लावलं, डोळे मिटले आणि तो चिमटीत धरून हळूहळू ओढला. आधी गुळगुळीत लागला. मग, मधोमध, बोटभर जागी, केसाळ.